आढं एका भिंतीला टेकलेलं घर

इंदूरहून महू आणि महूहून पुढे पाताळपाणी, हा आमचा पावसाळ्यातला ठरलेला रस्ता. या रस्त्यावर कुठेतरी एक रेघ ओलांडली जाते. तिथे पाटी नाही, खांब नाही, गाडी चढाला लागल्याचंही धड कळत नाही. पण रेघेच्या अलीकडे पडलेला पाऊस खान किंवा गंभीर नदीतून क्षिप्रेत जातो, तिथून चंबळ, यमुना, गंगा करत थेट बंगालच्या उपसागराला मिळतो. रेघेच्या पलीकडे पडलेला पाऊस चोरल नदीत उतरतो, पाताळपाण्याला उडी घेतो, नर्मदेला मिळतो आणि भडोचच्या पुढे अरबी समुद्रात जातो. हातभर अंतरावर पडलेले दोन थेंब देशाच्या दोन टोकांना पोचतात.

मागच्या पावसाळ्यात पुतणीला घेऊन त्याच रस्त्यानं निघालो होतो. ती नववीत आहे. दक्षिण अमेरिकेचा प्राकृतिक नकाशा काढायचा होता आणि ती मागच्या सीटवर नावं घोकत होती. अँडीज, ॲमेझॉन, ओरिनोको, पाराना, पंपास, अटाकामा. ही घोकंपट्टी मीही केली आहे. पेपर झाला की आठ दिवसांत सगळं पुसलं जातं, कारण एका नावाचा दुसऱ्या नावाशी काय संबंध आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं. मी म्हटलं, "नावं राहू दे. आधी या खंडाचं आढं कुठे आहे ते शोध."

"काका, आढं म्हणजे?"

फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलीला आढं कुठून माहीत असणार! आमचं जुनं घर राजवाड्याच्या मागच्या गल्लीत होतं, कवेलूचं. पुण्याकडचे पाहुणे कौलं म्हणायचे, आमच्या तोंडी कवेलूच. छपराच्या सगळ्यात उंच भागात घराच्या लांबीनं जे लाकूड जातं ते आढं. त्याच्या दोन्ही अंगांना उतरत येतात ती पाखी. पाखं जिथे संपतं आणि पाण्याची धार लागते ती वळचण. पाऊस सगळ्या घरावर सारखाच पडतो, पण अंगणात कोणतं पाणी जाणार आणि परसात कोणतं, हे आढं ठरवतं. भूगोलाच्या पुस्तकात आढ्याला जलविभाजक म्हणतात आणि पाख्याला खोरं. वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, असं आजी एरवीही हजारदा म्हणायची. नदीच्या बाबतीत तर ते शब्दशः खरं आहे.

आपण इंदूरकर जवळजवळ आढ्यावरच राहतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, पण माळवा उत्तरेकडे इतका सावकाश उतरतो की आपण डोंगरावर आहोत असं कुणालाच वाटत नाही. खंडव्याच्या रस्त्यानं भेरूघाट उतरायला लागलो की मग कळतं. निमाडातून पाहणाऱ्याला विंध्य ही भिंत दिसते, माळव्यातून पाहणाऱ्याला तो दिसतच नाही. एक पाखं लांब आणि सपाट, दुसरं आखूड आणि उभं. सह्याद्रीचंही तेच. त्र्यंबकेश्वरपासून अरबी समुद्र ८० किलोमीटरच्या आसपास, पण गोदावरी निघते ती उलट दिशेला, सगळा देश ओलांडून बंगालच्या उपसागराकडे.

हा सगळा प्रकार कितीतरी पटींनी वाढवला की दक्षिण अमेरिका होते. १ कोटी ७८ लाख चौरस किलोमीटरचं घर, आणि त्याचं आढं मधोमध नसून पश्चिमेच्या भिंतीला टेकलेलं. हे आढं म्हणजे अँडीज.

उत्तरेला व्हेनेझुएलापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत सुमारे ७,००० किलोमीटर, कोलंबिया, इक्वेडोर, पेरू, बोलिव्हिया, चिली, अर्जेंटिना असे देश ओलांडत ही रांग जाते. जमिनीवरची जगातली सर्वांत लांब पर्वतरांग हीच. अर्जेंटिनातलं आकोंकाग्वा शिखर ६,९६१ मीटर उंच आहे. आशिया सोडला तर पृथ्वीवर याहून उंच काही नाही. ही रांग अगदी किनाऱ्यालगतच का उभी राहिली, याचं उत्तर समुद्राखाली आहे. पॅसिफिकच्या तळाचा नाझ्का नावाचा भूपट्ट दर वर्षी काही सेंटीमीटर पूर्वेला सरकतो आणि खंडाच्या कडेखाली घुसतो. वरची कड दाबली जाते, घड्या पडून उचलली जाते. खोल गेलेल्या भागामुळे वरचा खडक वितळतो आणि ज्वालामुखी होऊन बाहेर पडतो. कोतोपाक्सी, चिंबोराझो हे सगळे याच भट्टीतले. हे काम अजून संपलेलं नाही. १९६० साली चिलीत वाल्दिव्हियाला झालेला ९.५ क्षमतेचा भूकंप हा यंत्रांनी नोंदलेला आजवरचा सर्वांत मोठा भूकंप आहे.

आता आढ्याच्या दोन्ही बाजूंना काय होतं ते पाहू. पश्चिमेचं पाखं इतकं आखूड आहे की नदी उगम पावते न पावते तोच समुद्र येतो. शिवाय तिथे पाऊसच नाही. पूर्वेकडून येणारे ढग अँडीज अडवतो, आणि किनाऱ्यालगत हंबोल्ट नावाचा थंड सागरी प्रवाह वाहतो, त्यामुळे हवा थंड राहून वर उचलली जात नाही. धुकं दाटतं, पाऊस होत नाही. चिलीतल्या आरिका शहराचा वर्षाचा सरासरी पाऊस १ मिलिमीटरही नाही. इंदुरात ३५ इंचांच्या खाली गेला तर आपण काळजी करतो. जगातल्या सर्वांत मोठ्या महासागराच्या काठावर, ध्रुवांकडचा भाग सोडला तर जगातलं सर्वांत कोरडं वाळवंट, अटाकामा, ते याच कारणानं.

आढ्याच्या मधल्या भागात आणखी एक चमत्कार आहे. पेरू-बोलिव्हियाकडे अँडीजच्या दोन रांगा होतात आणि त्यांच्यामध्ये साधारण पावणेचार हजार मीटरवर एक विस्तीर्ण पठार अडकून राहतं. त्याला आल्तिप्लानो म्हणतात. घराला माळा असतो तसा हा खंडाचा माळा. इथे पडलेल्या पाण्याला ना पूर्वेची वाट आहे ना पश्चिमेची. ३,८१२ मीटरवरच्या तितिकाका सरोवरातून एकच नदी बाहेर पडते, देसाग्वादेरो. ती दक्षिणेला पोओपो नावाच्या उथळ तळ्यात जाते आणि तिथे तिचा प्रवास संपतो. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. कोरड्या वर्षांत तर २०१५ च्या अखेरीला पोओपो पार आटून गेलं. त्याच माळ्यावर पुढे उयुनीचं मिठागर आहे, सुमारे १०,००० चौरस किलोमीटरचं पांढरं सपाट मैदान. आमच्या पुतणीला आधी हे पटेना. नदी म्हटली की ती समुद्राला मिळणारच, असं तिच्या मनात पक्कं होतं. मी तिला राजस्थानातलं सांभर सरोवर दाखवलं. तिथेही पाण्याला बाहेरची वाट नाही, म्हणूनच तिथे मीठ पिकतं.

आणि आता पूर्वेचं पाखं. ॲमेझॉनचा सर्वांत लांबचा उगम पेरूत, नेव्हादो मिस्मी या ५,५९७ मीटर उंच शिखराच्या उतारावर मानत आले आहेत. तिथून पॅसिफिक महासागर दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर आहे. पण पाणी आढ्याच्या पूर्वेला पडलं, म्हणून त्याला सुमारे ६,४०० किलोमीटर चालून अटलांटिक गाठावा लागतो. आपल्या गोदावरीची कथाच, फक्त चौपटीनं मोठी. वाटेत नावं बदलतात. आपुरीमाक, एने, ताम्बो, उकायाली. मग मारान्योन येऊन मिळते आणि तिथून पुढे ॲमेझॉन. ब्राझीलमध्ये शिरल्यावर मनाऊसपर्यंत तिला सोलिमॉइस म्हणतात. एकाच नदीला इतकी नावं पाहून गोंधळायला होतं, पण गंगेचंही आपल्याकडे भागीरथी, गंगा, पद्मा असं होतंच की.

या नदीचा आकार आकड्यांत सांगायचा तर मुखाशी सेकंदाला सुमारे २ लाख घनमीटर पाणी. म्हणजे दर सेकंदाला २० कोटी लिटर. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्राला जेवढं गोडं पाणी देतात, त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा ही एकटी देते. पण मला तिच्या पाण्यापेक्षा तिच्या उताराचं जास्त नवल वाटतं. पेरूतल्या इकितोस शहरापर्यंत समुद्रावरची जहाजं नदीतून येऊ शकतात. इकितोस समुद्रापासून नदीच्या वाटेनं सुमारे ३,६०० किलोमीटर आत आहे आणि तिथली उंची साधारण १०० मीटर. म्हणजे तिथून पुढे नदी किलोमीटरमागे तीन सेंटीमीटरच्या आसपास उतरते, दोन बोटांच्या रुंदीएवढं.

पाताळपाण्याच्या कठड्याशी उभं राहून मी पुतणीला हे सांगितलं. हा धबधबा सुमारे ३०० फूट सांगतात, म्हणजे ९० मीटरच्या आसपास. चोरलचं पाणी जेवढं एका उडीत, काही सेकंदांत खाली येतं, जवळजवळ तेवढंच उतरायला ॲमेझॉनला साडेतीन हजारांहून जास्त किलोमीटर लागतात. ती बराच वेळ खालच्या धुराळ्याकडे बघत राहिली. नंतर म्हणाली, "मग ती वाहते तरी कशी?" प्रश्न अगदी बरोबर होता. उतार जवळपास नाहीच, तरी मागून येणाऱ्या पाण्याचा रेटा प्रचंड आहे. नदीच्या पृष्ठभागालाच तेवढा उतार मिळतो आणि तेवढ्यावर ती चालते. आणि उतार नाही म्हणूनच ती पसरते. मनाऊसला उन्हाळी आणि पूर पातळीत साधारण १० मीटरचा फरक पडतो, तीनमजली इमारतीएवढा. पाणी काठ सोडून कितीतरी किलोमीटर जंगलात शिरतं आणि महिनोन्‌महिने तिथेच राहतं. झाडांच्या शेंड्यांमधून मासे फिरतात आणि झाडावरून पडलेली फळं खातात. मनाऊसच्या बंदरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी बांधलेला धक्काच तरंगता आहे. पाण्याबरोबर चढतो, पाण्याबरोबर उतरतो.

मनाऊसजवळ दोन नद्यांचा संगम आहे. अँडीजवरून गाळ घेऊन आलेली सोलिमॉइस दुधाच्या चहासारखी, आणि उत्तरेच्या जंगलातून आलेली रिओ नेग्रो कोऱ्या चहासारखी काळसर. दोघी एका पात्रात येतात, पण सुमारे सहा किलोमीटर एकमेकींत मिसळत नाहीत. मध्ये काठीनं आखावी तशी रेघ दिसते. सोलिमॉइस थंड, जड आणि वेगवान आहे. नेग्रो उबदार, हलकी आणि संथ. या फरकांमुळे मिसळायला वेळ लागतो. पण तो रंग पाहूनच उगम ओळखता येतो, हे मला मोलाचं वाटतं. पांढुरकी नदी नव्या, झिजणाऱ्या डोंगरातून आली आहे. तिच्यात माती आहे, म्हणून तिच्या काठी शेती पिकते. काळी नदी जुन्या, धुऊन निघालेल्या सपाट मुलखातून आली आहे. तिच्यात गाळ जवळपास नाही, फक्त कुजलेल्या पानांचा अर्क आहे.

एवढं पाणी येतं कुठून? अटलांटिकवरून वारे पश्चिमेकडे बाष्प आणतात. पाऊस पडतो, झाडं तेच पाणी मुळांनी ओढून पानांवाटे पुन्हा हवेत सोडतात, वारा ते आणखी पुढे नेतो, तिथे पुन्हा पाऊस. असं करत बाष्प अँडीजला जाऊन धडकतं. तिथे बराचसा पाऊस होऊन पाणी नदीनं परत अटलांटिककडे निघतं, उरलेलं बाष्प डोंगराच्या कडेनं दक्षिणेला वळतं आणि ब्राझीलचा दक्षिण भाग, पाराग्वे, अर्जेंटिनाचा उत्तर भाग भिजवतं. ब्राझीलचे लोक या वाऱ्यांना उडत्या नद्या म्हणतात. ॲमेझॉनचं जंगल तोडलं तर हजारो किलोमीटर दूरच्या शेतकऱ्याचा पाऊस का धोक्यात येतो, ते यावरून कळतं. माळव्याच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागू नये.

ही नदी पूर्वी पूर्वेला वाहतच नव्हती. अँडीज उंच होण्याआधी खंडाच्या पश्चिम भागातलं पाणी पश्चिमेला आणि उत्तरेला जात असे. आढं उभं राहू लागलं तशी ती वाट बंद झाली, पाणी तुंबून अफाट दलदल झाली, आणि साधारण १ कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास ते पूर्वेकडची वाट काढून अटलांटिकला मिळालं. ॲमेझॉनमध्ये आज गोड्या पाण्यात राहणारे पाकट मासे सापडतात. त्यांचे पूर्वज समुद्रातले.

आढं नवं आहे, पण घराचे ओटे फार जुने आहेत. अँडीजच्या पूर्वेला दोन उंचवटे दिसतात, उत्तरेला गयानाचं पठार आणि पूर्वेला ब्राझीलचं पठार. गयानाच्या पठारावर वालुकाश्माचे उभ्या कड्यांचे, सपाट माथ्याचे डोंगर आहेत. त्यांना टेपुई म्हणतात. हा वालुकाश्म सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचा. आजूबाजूचा सगळा भाग झिजून गेला, हे तुकडे टेबलासारखे उभे राहिले. त्यातल्या औयान टेपुईवरून एंजल धबधबा पडतो, ९७९ मीटर. जगात सर्वांत उंच. मी पुतणीला म्हटलं, आपलं पाताळपाणी एकावर एक असं दहा वेळा रच.

गयानाच्या पठाराला वळसा घालून ओरिनोको नदी व्हेनेझुएलाच्या यानोस नावाच्या गवताळ मैदानातून अटलांटिकला जाते. आणि इथे आजीची म्हण थोडी अडखळते. ओरिनोकोच्या वरच्या भागात एक फाटा फुटतो, कासिकियारे. तो ओरिनोकोचं पाणी घेऊन तीनशेहून जास्त किलोमीटर चालतो आणि रिओ नेग्रोला मिळतो, म्हणजे ॲमेझॉनच्या खोऱ्यात जातो. कुणी खणलेला कालवा नाही हा, निसर्गाचंच काम आहे. त्या जागी जमीन इतकी सपाट आहे की दोन पाख्यांच्या मध्ये आढंच उरलेलं नाही. युरोपातले नकाशे काढणारे यावर विश्वास ठेवायला तयार नव्हते. १८०० साली जर्मन संशोधक हंबोल्ट आणि त्यांचे फ्रेंच सोबती बोनप्लाँ स्वतः होडीनं त्या वाटेनं गेले, तेव्हा वाद मिटला. नकाशावर खोऱ्यांच्या सीमा ठळक रेषेनं दाखवतात, पण जमिनीवर काही ठिकाणी ती रेष पुसट असते. महूच्या रस्त्यावरची आपली रेघही तशीच.

ब्राझीलच्या पठाराकडे आलं की आपल्याला घरी आल्यासारखं वाटेल. या पठाराची अटलांटिककडची कड उभी आहे आणि उतार आतल्या बाजूला आहे. आपल्या सह्याद्रीची आरशातली प्रतिमाच म्हणा. साओ पाउलोची तिएते नदी समुद्रापासून जेमतेम २२ किलोमीटरवर उगम पावते, समुद्राकडे पाठ करते आणि १,१०० किलोमीटर आत जाऊन पाराना नदीला मिळते. इग्वासूचंही तसंच. साओ फ्रान्सिस्को मात्र याच पठारावर आधी बरीच उत्तरेला जाते आणि मग पूर्वेला वळून समुद्र गाठते.

आणि खडक! पाताळपाण्याच्या वाटेवर खाली वाकून पाहिलं तर काळा, जड, बारीक भोकांचा दगड दिसतो. कुठेकुठे भोकांत पांढरे स्फटिक भरलेले. कड्याकडे पाहिलं की जिन्याच्या पायऱ्यांसारखे थर, आणि दोन थरांच्या मध्ये कुठे तरी विटकरी रंगाची पट्टी. ही पट्टी म्हणजे लाव्हाचा एक थर थंड झाल्यावर त्यावर तयार झालेली माती, जिच्यावर पुढचा थर येऊन पसरला आणि ती भाजली गेली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा हा दख्खनचा बसाल्ट. पुतणीनं त्या पट्टीवर बोट ठेवून विचारलं, "म्हणजे इथे कधीतरी अंगण होतं?" होतंच. कुणाचं नव्हे, पण होतं.

तसाच लाव्हा दक्षिण ब्राझीलमध्ये पारानाच्या खोऱ्यात पसरला, साधारण १३ कोटी वर्षांपूर्वी, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका एकमेकींपासून तुटत होत्या तेव्हा. त्याच लाव्हाचे थोडे तुकडे आज आफ्रिकेत नामिबियात आहेत. त्या जोडलेल्या महाखंडाचं नाव गोंडवन, आणि ते नाव घेतलं आहे आपल्याच मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून. बसाल्ट झिजून आपल्याकडे काळी कापसाची माती झाली. तिकडे पाऊस जास्त, त्यामुळे दगडातलं लोह गंजून लालसर जांभळी माती झाली, आणि ब्राझीलची कॉफी तिच्यावर उभी राहिली. इग्वासू नदी याच बसाल्टच्या पायऱ्यांवरून कोसळते. २.७ किलोमीटर रुंद कड्यावरून पावणेतीनशेच्या आसपास धारा, आणि सर्वांत उंच ८० मीटरच्या घरातली. पाताळपाण्याहून उंची थोडी कमीच. खडकाचे थर जिथे तुटतात तिथे नदी उडी घेते, हा नियम दोन्हीकडे एकच.

पाराना ही या खंडातली दुसरी मोठी नदी, सुमारे ४,८८० किलोमीटर. ब्राझील आणि पाराग्वेच्या सीमेवर तिच्यावर इताइपू धरण आहे, १४,००० मेगावॅट क्षमतेचं. त्याच्या जलाशयात १९८२ साली ग्वाइरा नावाचा धबधबा बुडाला. पाण्याच्या प्रमाणात तो जगातल्या सर्वांत मोठ्या धबधब्यांपैकी एक होता, आता त्याच्यावर शांत पाणी आहे. पारानाची उपनदी पाराग्वे. तिच्या वरच्या अंगाला पांतानाल नावाची जगातली सर्वांत मोठी उष्ण कटिबंधातली पाणथळ जागा आहे, दीड लाख चौरस किलोमीटरहून मोठी. तीही उतार नसल्याचाच परिणाम. उत्तरेत पडलेल्या पावसाचा पूर दक्षिण टोकाला पोचायला महिने लागतात, आणि त्यामुळे खालच्या शहरांना एकदम पूर येत नाही. पाराना आणि उरुग्वे मिळून ला प्लाताच्या रुंद मुखातून समुद्राला भेटतात. एका काठावर ब्युनोस आयर्स, दुसऱ्यावर मोन्तेव्हिदेओ. त्यांच्या मागे पंपास, गव्हाचं आणि गुरांचं सपाट मैदान.

त्याच्या दक्षिणेला पाऊस बाजू बदलतो. तिथले वारे पश्चिमेकडून येतात, त्यामुळे चिलीचा दक्षिण भाग हिरवा आणि बर्फाळ, तर अर्जेंटिनाचा पाटागोनिया कोरडा. आणि इथेच आढ्यावरून दोन देशांचं युद्ध होता होता राहिलं. १८८१ च्या तहात चिली आणि अर्जेंटिनानं ठरवलं की पाण्याची विभागणी करणारी सर्वांत उंच शिखरं हीच सीमा. उत्तरेकडे ते सोपं होतं. पाटागोनियात मात्र सर्वांत उंच शिखरं एकीकडे आणि जलविभाजक दुसरीकडे. जुन्या हिमनद्यांनी दगड-गोट्यांचे ढीग, म्हणजे हिमोढ, डोंगराच्या पूर्वेला आणून टाकले होते आणि नद्या त्यांना अडून उलट फिरून, डोंगर कापून पॅसिफिकला जात होत्या. अर्जेंटिना म्हणे शिखरं धरा, चिली म्हणे पाणी धरा.

अर्जेंटिनाच्या बाजूचे तज्ज्ञ फ्रान्सिस्को मोरेनो यांनी १८९८ साली फेनिक्स नावाच्या छोट्या नदीपाशी माणसं लावली. ही नदी एका सरोवरावाटे पॅसिफिककडे जात होती. त्यांनी हिमोढातून एक लहानसा चर खणला आणि नदी वळून देसेआदो नदीच्या जुन्या पात्रात, म्हणजे अटलांटिककडे वाहू लागली. थोड्या दिवसांच्या फावडेकामात बदलता येणारी रेघ सीमा कशी मानायची, हे त्यांना दाखवायचं होतं. १९०२ साली ब्रिटनच्या राजाच्या लवादानं दोन्ही रेषांच्या मधून वाट काढली. पुतणीला सगळ्या नकाशातलं हेच सर्वांत जास्त आवडलं.

परतताना जलूदच्या, म्हणजे इंदूरच्या नळांना येणाऱ्या नर्मदेच्या पाण्याचा विषय निघाला, कारण तिनं गाडीत बाटली उघडली होती. दक्षिण अमेरिकेतही अशीच एक गोष्ट आहे. पेरूची राजधानी लिमा ही आढ्याच्या कोरड्या बाजूला, वाळवंटात वसलेली. जवळपास एक कोटी लोकांचं शहर आणि पाऊस नावालाच. तिथल्या रिमाक नदीला पाणी पुरेना, म्हणून १९६० च्या दशकात अँडीजच्या पूर्वेकडच्या तळ्यांचं पाणी, जे एरवी ॲमेझॉनमधून अटलांटिकला गेलं असतं, ते डोंगरातून बोगदा काढून लिमाकडे वळवलं. इंदुरात बिलावली आणि यशवंत सागर पुरेनासे झाले, १९७० मध्ये नर्मदा आणण्यासाठी शहर रस्त्यावर उतरलं, आणि १९७८ साली मंडलेश्वरजवळच्या जलूदहून नर्मदेचं पाणी इंदुरात आलं. सुमारे ७० किलोमीटर अंतर आणि ४०० मीटरहून जास्त चढ, रात्रंदिवस पंपांच्या जोरावर. २०१४ पासून नर्मदेचं पाणी उज्जैनी गावात क्षिप्रेच्या उगमाशीही सोडलं जातं.

अरबी समुद्राकडे निघालेलं ते पाणी आपल्या घरात येतं, भांडी घासून, आंघोळ होऊन गटारात जातं, तिथून खान नदीत. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. पुतणीनं गाडी थांबवायला लावली, पुलाच्या कठड्यावरून खाली वाकली आणि बोटानं उत्तरेकडे दाखवत एकेक नाव मोजू लागली: क्षिप्रा, चंबळ, यमुना, गंगा.